गुलाबाचा घाट आणि बागवानाची आवड

गुलाबाची पारख बहुतेक जण रंगावरून किंवा सुगंधावरून करतात. मुरलेला बागवान मात्र प्रथम फुलाचा घाट पाहतो. पाकळ्या किती, त्या कशा मिटल्या आहेत, मध्यभाग उंच आहे की खोलगट, यावरून तो फुलाचे कूळ आणि उपयोग दोन्ही ओळखतो.

सर्वांत साधा घाट पाच पाकळ्यांच्या एकेरी फुलाचा. रानगुलाब बहुधा असेच असतात. दुसरा वाटीसारखा: पाकळ्या आत वळलेल्या, मध्य खोलगट. तिसऱ्यात असंख्य लहान पाकळ्या चपट्या चक्रात दाटीने बसतात. जुन्या युरोपीय गुलाबांत हा घाट विशेष आढळतो. चौथा उंच मध्याचा: आतल्या पाकळ्या शंकूसारख्या मिटलेल्या आणि बाहेरच्या मागे वळलेल्या. फ्रान्समध्ये १८६७ साली निपजलेला ‘ला फ्रान्स’ हा संकरित टी गुलाबांपैकी पहिला मानला जातो. पुढे याच कुळाने उंच मध्याचे फूल घरोघरी पोहोचवले. आज गुलाबाचे चित्र काढायला सांगितले, तर मूलही तेच काढते.

एकाच घाटाचे राज्य सर्वांना रुचले असे नाही. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांनी १९६१ साली ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ हा वाटीदार गुलाब आणला आणि जुन्या घाटाला नवे चाहते मिळवून दिले. भारतात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी गव्हाच्या संशोधनाबरोबरच इथल्या हवेत टिकणारे अनेक गुलाब निर्माण केले.

घाटाची निवड केवळ हौसेची नसते, हे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत स्पष्ट दिसते. भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात संततधार असते. तिथे दाट पाकळ्यांची कळी पाणी धरते आणि न उमलताच सडते. कमी पाकळ्यांचे फूल तग धरते. पूर्वेकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. तिथे विरळ पाकळ्यांचे फूल दुपारपर्यंत पसरून जाते, तर भरगच्च फूल अधिक टिकते. हिवाळ्यातील थंडीत मात्र फूल सावकाश उमलते आणि उंच मध्याचा घाट पूर्ण खुलतो.

बाजाराचा हिशेब निराळा. पुण्याच्या फूलबाजारात डच गुलाब २० नगांच्या जुडीने विकला जातो, साधा गुलाब गड्डीने आणि हाराची सुटी फुले किलोने. लांबच्या प्रवासाला घट्ट मिटलेली, लांब दांड्याची कळीच हवी. म्हणून मावळातील हरितगृहांत उंच मध्याच्या जातींना मान मिळाला. हार करणाऱ्याला दांड्याशी कर्तव्य नसते. त्याला भरलेले, लवकर न गळणारे फूल हवे. गुलकंद करणाऱ्याला फुलाचा डौल नको; त्याला सुगंधी आणि मऊ पाकळी हवी.

यातच खरा धोका आहे. जिच्या कळीला भाव नाही, ती जात हळूहळू रोपवाटिकेतून नाहीशी होते. दांडा लांब, रंग गडद आणि टिकाऊपणा उत्तम. पण अशा कित्येक जातींत सुगंध नावालाच असतो. ग्राहक मागतो तोच माल दुकानात येतो, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच बाजाराने नाकारलेले वाण जपण्याचे काम घरच्या अंगणावर येऊन पडते.

त्यासाठी फार जागा लागत नाही. रोज पाच-सहा तास ऊन मिळणाऱ्या गच्चीवर तीन कुंड्या पुरेत: एक उंच मध्याच्या गुलाबाची, एक वाटीदार आणि एक सुगंधी गावठी गुलाबाची. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास संकरित टी गुलाबाची छाटणी केली, की साधारण दीड महिन्याने बहर येतो. मोठे एकच फूल हवे असेल, तर शेंड्याची कळी ठेवून बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडाव्यात. गुच्छ आवडत असेल, तर त्यांना हात लावू नये. गावठी गुलाबाला मात्र हलकी छाटणी पुरते.

तिन्ही कुंड्यांना फुले आली, की घरातील प्रत्येकाची आवड आपोआप कळते. मुले बहुधा डौलदार कळीपाशी थांबतात. आजी गावठी फूल नाकाशी नेते. दोघांचीही पारख खरी आहे. दोघांना आवडणारी रोपे एकाच गच्चीवर नांदली, तर बाजाराने विसरलेला सुगंध पुढच्या पिढीच्या ओळखीचा राहील.