सिरीयल राहू द्या, आधी नऊची चर्चा बंद करा



'सिरीयल बघून बायका बिघडतात' हे वाक्य ऐकत माझी उमर गेली. रोज रात्री बातम्यांच्या चॅनेलवरची भांडणं बघत बसणाऱ्या पुरुषांना मात्र कोणी बिघडले म्हणत नाही. ते म्हणे जगाची माहिती घेतात! सिरीयलमधली सासू खोटी आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. बातमीवाल्याचा आवेश मात्र खरा वाटतो, आणि धोका तिथेच आहे.

मार्च २०२० च्या शेवटी दिल्लीतल्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली. साथीत एवढी माणसं एकत्र जमायला नको होती, एवढं म्हणून विषय संपवता आला असता. पण काही वाहिन्यांनी 'कोरोना जिहाद' असे शब्द काढून दिवसच्या दिवस तेच दाखवलं. मग देशभर ठिकठिकाणी भाजीवाल्यांना धर्म विचारून हाकललं गेलं. आमच्या कॉलनीत वर्षानुवर्षं हातगाडी आणणाऱ्यालाही गेटवर नाव विचारलं. नाव सगळ्यांना ठाऊक होतं! विचारणाऱ्या कोण? पाणी गाळून पिणाऱ्या, वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलणाऱ्या. ताप आहे का, हे कोणी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या २९ परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असण्याची शक्यता आहे, असं निकालात स्पष्ट म्हटलं. या निकालावर किती रात्री आरडाओरडा झाला? तोवर वाहिन्या एका नटाच्या आत्महत्येत गुंतल्या होत्या.

मी कॉमर्सची, म्हणून हिशोब आधी बघते. २०२० मध्ये देशातल्या वीसेक कोटी टीव्हीवाल्या घरांपैकी चाळीसेक हजार घरांत यंत्र बसवून टीआरपी काढत होते आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरत होता. शांतपणे सांगितलेल्या बातमीला गिऱ्हाईक कमी. तुमचा संताप हा त्यांचा माल आहे, आणि तो आपण फुकट पुरवतो.

आपल्या शास्त्रात याला नाव आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुती येते: राग-द्वेष वाढवणारं ऐकत बसणं. श्रावकाने ते सोडायचं असतं. आपण ते फक्त सिनेमाच्या गाण्यांपुरतं धरून बसलो.

रात्रीभोजनाचा त्याग आपण किती कटाक्षाने पाळतो! सूर्यास्तानंतर घास नाही. आणि नऊ वाजता त्याच घरात, नातवंडांच्या देखत, शेजाऱ्याविषयीचा द्वेष ताटभर वाढला जातो. चातुर्मासात काय काय सोडायचं याची यादी करताना कांदा-बटाट्याच्या खाली ही एक ओळ लिहा. घरातले पुरुष कुरकुर करतील. त्यांना सांगा, सकाळी पेपर येतो, त्यात बातम्याच असतात आणि कोणी ओरडतही नाही.