‘सध्या काय चालले आहे?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर

माजी विद्यार्थी एकत्र आले म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो : सध्या काय चालले आहे? उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. नोकरी कोठे, घर बांधले का, मुले कितवीत. मुदखेडच्या आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्यांची अशी माहिती ऐकताना आमचे मन भरून येते. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, कोणी परिचारिका आहे, कोणी केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे, कोणी चाकणच्या कारखान्यात आहे, तर कोणी येथेच फुलशेती करून झेंडू-गुलाब नांदेडच्या बाजारात पाठवतो. ज्यांच्या आईवडिलांनी प्रवेशअर्जावर अंगठा उमटवला होता, त्यांची मुले आज इतरांचे अर्ज भरून देतात. ही वाटचाल लहान नाही. स्मरणिकेत तिची नोंद अभिमानाने व्हावी, असेच आमचे मत आहे.

परंतु अशी यादी वाचताना तीत नसलेल्या नावांकडेही लक्ष जावे. मुदखेड हे जंक्शन आहे. किनवट-भोकरकडची मुले आदिलाबादच्या गाडीने येत, उमरी-धर्माबादकडची निजामाबादच्या बाजूने येत. दहावीनंतर काही जण नांदेडला, तेथून पुण्या-मुंबईला गेले. काही जण आले त्याच गाडीने कायमचे परतले. परतलेल्यांची खुशाली फारशी कोणी विचारीत नाही. दहावी होताच लग्न झालेल्या काही वर्गभगिनींचा आज स्वतःचा फोन नाही. निरोप पोचतो तो पतीमार्फत किंवा भावामार्फत. काही सोबती हंगाम सुरू झाला की कुटुंबासह ऊसतोडीला जातात. काहींनी स्पर्धा परीक्षांना ऐन उमेदीची वर्षे दिली आणि वयोमर्यादा उलटल्यावर त्यांना गावात तोंड दाखवण्याचाही संकोच वाटू लागला. ही मंडळी संमेलनाला येत नाहीत, त्याचे कारण अनास्था नव्हे. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, ही खंत त्यामागे असते. जेथे केवळ यशाचाच पुकारा होतो, तेथे अशी माणसे दुसऱ्यांदा पाऊल ठेवीत नाहीत.

आपल्या चळवळीच्या इतिहासात वसतिगृहाचे स्थान मोठे आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालू केले. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातील खेड्यांतून येणाऱ्या मुलांना तेथे शिकवणीइतकीच निवाऱ्याचीही गरज होती. वसतिगृहातील सहवासाचे मोल किती असते, हे खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात दिसते. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली. लंडनमधील अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेनांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये होते. मित्राचे कसे चालले आहे, एवढे विचारून भथेना थांबले नाहीत. त्याचे कोठे अडले आहे, हे त्यांनी जाणून घेतले.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी खऱ्या मित्राचे चार प्रकार सांगितले आहेत : उपकार करणारा, सुखात आणि दुःखात सारखाच राहणारा, हिताची गोष्ट सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा. या चारही प्रकारांना मित्राची अडचण आधी ठाऊक असावी लागते. अडचण सांगण्यास जागाच नसेल, तर मैत्री कितीही जुनी असो, ती उपयोगी पडत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत आज नाव, हुद्दा आणि पत्ता असतो. त्यापुढे आणखी दोन रकाने असावेत : ‘मी काय देऊ शकतो’ आणि ‘मला काय हवे आहे’. देणे म्हणजे पैसाच असे नव्हे. पुण्यात नव्याने येणाऱ्या मुलाला खोली मिळेपर्यंत आठ दिवस आपल्या घरी ठेवणे, हेही देणे आहे. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षातच करावयास लावणे, हे देणे आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. परंतु खेड्यातील मुलाला ती अनेकदा मुदत उलटल्यावर कळते. त्याच कार्यालयांतून काम करणाऱ्या आपल्यापैकी कोणी ती वेळेवर कळवली, तर एका मुलाचे वर्ष वाचते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे काम शासनाचे आणि संस्थेचे आहे. ते खरेच, आणि शासनाने ते करावे म्हणून आग्रह धरणे आपण सोडता कामा नये. पण जूनमध्ये प्रवेशाची रांग लागते, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या मुलीला त्याच दिवशी मार्गदर्शन हवे असते. दुसरा आक्षेप असा की, मैत्रीत देण्याघेण्याचा व्यवहार आला की मैत्री नासते. हे भय निराधार नाही. म्हणूनच मागणी व्यक्तीकडे न करता नोंदवहीकडे व्हावी, ती दोन-तीन विश्वासू सहाध्यायांनीच पाहावी आणि मागणाऱ्याचे नाव चारचौघांत येऊ नये. मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढी दक्षता घेतली तर मैत्रीला धक्का लागत नाही.

पालकांनाही आमची विनंती आहे. मुलीचा दहावीनंतरचा पत्ता बदलला तर नवा पत्ता शाळेला कळवावा आणि तिच्या मैत्रिणींशी तिचा संबंध तुटू देऊ नये. उद्या तिच्यावर प्रसंग आला, तर माहेरच्या खालोखाल याच मैत्रिणी तिच्या उपयोगी पडतील.

पुढील संमेलनाची तयारी लवकरच चालू होईल. मंडपाचा आणि भोजनाचा विचार करण्यापूर्वी प्रत्येक तुकडीने आपल्या दहावीचे हजेरीपुस्तक समोर घ्यावे, संपर्क तुटलेल्या प्रत्येक नावापुढे खूण करावी आणि ती नावे आपसांत वाटून घ्यावीत. फोन लागला नाही तर गावी जावे. भेट झाली म्हणजे निमंत्रणपत्रिका मागाहून द्यावी. आधी त्याच्या वा तिच्या ओसरीवर बसून सध्या काय चालले आहे ते विचारावे आणि जे उत्तर येईल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

जय भीम.