लिंबूटिंबू

नागपूरचा मे महिना. सकाळी अकरालाच रस्ते ओस पडलेले. घरात कूलरची घरघर आणि सतरंजीवर गोल करून बसलेली सहा माणसे: आजी, मुलगा, सून, इंदूरहून माहेरपणाला आलेली लेक आणि तिची दोन मुले. मधोमध पत्त्यांचा जुना कॅट. खेळ अर्थातच बदाम सात.

५२ पाने सहा जणांत वाटली की चौघांना ९ आणि दोघांना ८ येतात. धाकटा नातू आठ वर्षांचा. त्याला दर वेळी ८ पाने यावीत, अशी वाटणाऱ्याने सोय केलेली. त्याचे पान कुणी अडवायचे नाही, हेही मोठ्यांचे नजरेनेच ठरलेले. सलग तीन डाव तोच आधी सुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या डावाला मात्र त्याने पाने उचललीच नाहीत.

"तुम्ही मुद्दाम हरता. मला नाही खेळायचं."

"अरे, तू लिंबूटिंबू आहेस ना!" थोरली बहीण बोलून गेली आणि त्याचे डोळे भरून आले.

लिंबूटिंबू हा आपल्या अंगणातला मोठा गोड शब्द. लपंडाव असो की लगोरी, धाकट्या भावंडाला घरी ठेवून येता येत नाही आणि खेळात धरताही येत नाही. मग ते लिंबूटिंबू होते. ते धावते, ओरडते, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. कुणाला वगळायचे नाही, हा त्यामागचा चांगुलपणा. पण या शब्दाला दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर राज्य येत नाही, त्याचे जिंकणेही कुणी मोजत नाही. हे मुलाला कळते तो दिवस त्याच्या मोठे होण्याचा असतो. नेमके तेव्हाच घरची माणसे ते ओळखायला चुकतात.

आजींनी ओळखले. "बरं, आता खरं खेळू," त्या म्हणाल्या, "पण हरलास तर रुसायचं नाही."

त्या डावात इस्पिकची सत्ती आजींच्या हातात होती. दुसरे पान खेळता येत होते तोवर त्यांनी ती खाली टाकली नाही. नातवाच्या हातात इस्पिकचे राजा, राणी आणि गुलाम अडकून पडले. तो हरला आणि थोडा रडलाही. मग नाक पुसून स्वतःच पाने गोळा करत म्हणाला, "अजून एक डाव." तो जिंकला ते चौथ्या दिवशी. टाळ्यांकडे त्याचे लक्ष नव्हते. त्याने फक्त आजीला विचारले, "खरंच ना?" आजींनी हातात उरलेली पाने त्याच्यासमोर उलटी केली. "मोज."

चार माणसांनी एकत्र बसून खेळण्यात हा प्रश्न नेहमीच येतो. वये वेगळी, वकूब वेगळा. मग सगळ्यांना सारखा आनंद कसा मिळावा? जुन्या खेळांनी त्याची उत्तरे आपापल्या परीने दिलेली आहेत. सापशिडीत सारे काही फाशाच्या दानावर असल्यामुळे पाच वर्षांचे मूल आणि सत्तरीचे आजोबा एकाच पातळीवर येतात. मेंढीकोटात चौघांच्या दोन जोड्या होतात. नवख्याला मुरलेला भिडू मिळाला की कोणती दश्शी कधी जपायची, हे तो खेळता खेळताच शिकतो. झब्बूत तर अगदी हुशार माणसावरही ढीगभर पाने उचलण्याची पाळी येते आणि सगळे घर हसते.

कुणाला सांभाळून घ्यायचेच असेल, तर ते नियमात घ्यावे, निकालात नव्हे. कॅरममध्ये लहान मुलाला स्ट्रायकर रेषेच्या थोडा पुढे ठेवू द्यावा. पण राणी घेतल्यावर लागणारे कव्हर त्यालाही घ्यायला लावावे. सवलत उघडपणे, सर्वांसमक्ष दिली की तिच्यात कमीपणा राहत नाही. गुपचूप दिलेली जीत मात्र दानासारखी हातात पडते, आणि मुलांना ते दान फार लवकर ओळखता येते.

मुलेच काय, म्हातारी माणसेही ते ओळखतात.

दहा वर्षांनंतरचा मे महिना. तेच घर, तशीच सतरंजी. आजींसाठी आता खुर्ची आली होती. नजर अधू झालेली, बोटांत कंप. पान निवडायला वेळ लागे. "आजी, तुमचं पान आम्ही टाकतो," असे म्हणत कुणी ना कुणी त्यांच्या हातात डोकावे. त्यांना पान अडू नये म्हणून सत्त्या भराभर खाली येत. आजी दर डावात पहिल्या सुटत, सगळे टाळ्या वाजवत आणि त्या नुसत्या हसत.

अठरा वर्षांचा नातू दोन दिवस हे पाहत होता. तिसऱ्या दिवशी त्याने ठळक, मोठ्या आकड्यांची पाने आणली. लाकडाच्या पट्टीला खाच पाडून आजींसमोर ठेवली, म्हणजे पाने हातात धरायला नकोत. "आजीच्या पानांत कुणी बघायचं नाही. ती कितीही वेळ घेऊ दे," त्याने बजावले. डाव सुरू झाला आणि इस्पिकची सत्ती काही केल्या खाली येईना.

"अरे, टाक ना! त्यांचं अडलंय," मामी कुजबुजली.

नातू ढिम्म. आजींनी चष्मा सारखा केला, त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि किती दिवसांनी मोकळेपणाने हसल्या. "सत्ती याच्याकडे आहे. माझाच नातू तो!"

तो डाव आजी हरल्या. इस्पिकचे राजा-राणी त्यांच्याच पट्टीत उभे राहिले. सून पाने आवरायला वाकली, तर आजींनी तिचा हात बाजूला केला.

"थांब," त्या म्हणाल्या, "अजून एक डाव. आणि या वेळी पाने मी पिसणार."