नवखा की जाणकार?

यंदा आमच्या वादविवाद स्पर्धेला विषय होता, ‘ज्ञानाच्या क्षेत्रात तज्ज्ञांपेक्षा नवख्यांचे योगदान अधिक असते.’ बाजूने बोलणारे सहा आणि विरुद्ध बोलणारे दोन. हे साहजिकच म्हटले पाहिजे. बोलणारे सगळेच नवखे. स्वतःच्याच विरुद्ध कोण बोलणार? टाळ्याही बाजूच्यांनाच पडल्या. मी स्पर्धेत नव्हते, मागच्या बाकावर बसून ऐकत होते. पण दोन तास ऐकूनही माझे समाधान झाले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

सहापैकी चौघांनी आइनस्टाइनचे नाव घेतले. बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने १९०५ साली पदार्थविज्ञान उलथेपालथे केले, हे खरेच आहे. पण त्याच तरुणाने झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून रीतसर पदविका घेतली होती आणि डॉक्टरेटचा प्रबंधही त्याच वर्षी लिहिला होता, हे कोणी सांगितले नाही. दोघांनी आपल्या द. रा. कापरेकरांचे उदाहरण दिले. देवळालीचे हे शाळामास्तर. चार अंकी कोणतीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. १९४९ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. एस.टी.त बसल्याबसल्या वहीच्या मागच्या पानावर करून पाहावे, हिंगोली केव्हा आले ते कळत नाही. परंतु कापरेकर नवखे होते काय? फर्ग्युसन कॉलेजात असतानाच त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते आणि पुढे उभा जन्म त्यांनी आकड्यांच्या सहवासात काढला. त्यांच्याकडे विद्यापीठातील खुर्ची नव्हती इतकेच. खुर्ची नसणे निराळे आणि अभ्यास नसणे निराळे. आमच्या वक्त्यांनी या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या, आणि सगळा घोटाळा तेथेच झाला.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. मला या वादासाठी झुरिकपर्यंत जाण्याचे कारण दिसत नाही. महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाचा आरंभच मुळी एका विद्यार्थ्याने एका नामांकित ग्रंथकाराला अडवून झाला आहे.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पेशवाई बुडाल्यावर हा लष्करी अधिकारी साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता. राजघराण्यातले व दप्तरातले कागद त्याला पाहायला मिळाले. त्याच्या ग्रंथाचे मराठी भाषांतरही लवकरच झाले, आणि मराठी मुले आपल्या पूर्वजांचा इतिहास साहेबाच्या नजरेतून शिकू लागली. चाळीस वर्षे तोच शेवटचा शब्द होता. १८६७ साली पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या, कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. वय तेवीसच्या आसपास. डफच्या ग्रंथात उणिवा आहेत आणि मूळ साधने आपण स्वतः पाहिली पाहिजेत, असा त्या टीकेचा रोख होता. डफने आपल्या आधाराच्या कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे लिहून ठेवले होते. पुढे त्या नकला हाती लागल्या नाहीत. म्हणजे ग्रंथ आहे, पण ग्रंथाला ज्याचा टेकू तेच गायब! ज्याने हा इतिहास प्रमाण मानून वीस वर्षे शिकवला असेल त्याला हे सहसा खटकत नाही. वर्गात पहिल्यांदा वाचणाऱ्याला खटकते.

येथे आमच्या वक्त्यांची बाजू बळकट होते असे वाटेल. माझे म्हणणे थोडे पुढचे आहे. कीर्तने प्रश्न विचारून थांबले असते तर तो निबंध आपल्या या वार्षिकांकासारख्याच एखाद्या अंकात पिवळा पडला असता. (आपला अंक कोणी जपून ठेवतो की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) पण त्यांनी पुढे मल्हार रामराव चिटणीसांची बखर संपादून छापली, म्हणजे जे कागद पाहिले पाहिजेत म्हणाले ते पाहिले आणि इतरांनाही दाखवले. १८७८ साली काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले आणि बखरी, पत्रे, जुनी काव्ये दर महिन्याला वाचकांच्या हातात पडू लागली. मग १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. गावोगाव पायपीट, माळ्यावरची बास्ताने सोडणे, वाळवी लागलेले कागद निवडणे, मालकांची मनधरणी, हे सारे त्या बावीस खंडांच्या मागे आहे. १९१० साली सरदार मेहेंदळ्यांच्या सोबतीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. यांपैकी कोणाकडे इतिहासाची मोठी पदवी होती? सगळे नवखेच म्हणावयाचे.

पण किती दिवस नवखे? राजवाडे मोडी पाण्यासारखी वाचत. नुसत्या मायन्यावरून पत्र कोणत्या काळचे असावे याचा अंदाज ज्याला येऊ लागतो, त्याला नवखा कोण म्हणेल? नवखेपण हा काही पिढीजात वतनाचा हुद्दा नाही की जन्मभर मिरवावा. ती पहिली इयत्ता आहे. आमच्या भागाला हे निराळे सांगायला नको. पुसेगावपासून नर्सी जवळच, आणि नामदेवांची ती कथा येथे पोरासोरांनाही पाठ आहे : गोरोबाकाकांनी थापटी मारून पाहिली आणि एवढे मडके कच्चे आहे असा निवाडा दिला. नामदेव रुसले, पण रुसून बसले नाहीत. औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. कीर्तनात या कथेवर लोक हसतात ते गोरोबांच्या थापटीला. मला तिच्यातला औंढ्याचा रस्ता महत्त्वाचा वाटतो.

(जाता जाता : पुसेगाव म्हटले की परगावचे लोक सेवागिरी महाराजांच्या यात्रेची चौकशी करतात. ते पुसेगाव सातारा जिल्ह्यातले. आमचे सेनगाव तालुक्यातले.)

आता तज्ज्ञांची बाजू. ती मांडणाऱ्या दोघांना घंटा लवकर वाजली, म्हणून थोडे येथे मांडते. शिवजन्माच्या तिथीचा वाद सर्वांना ठाऊक आहे. जेधे घराण्यात एक शकावली जपून ठेवलेली होती. ती जपली त्या घराण्याने. ती नसती तर पुढचे काहीच घडले नसते. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्धीस आणली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद. पण या तिथीची इंग्रजी तारीख काढायची, बखरींत दिलेल्या शके १५४९ च्या वैशाखातील तिथीशी ती ताडून पाहायची, शकावलीतील इतर नोंदी खऱ्या ठरतात की नाही हे तपासून तिच्यावर विश्वास किती ठेवायचा ते ठरवायचे, हे काम नवख्याचे नव्हे. पुढे राजस्थानात मिळालेल्या एका जुन्या कुंडलीनेही त्याच तिथीला दुजोरा दिला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली ती २००१ साली. कागद बाहेर आल्यापासून पंचाऐंशी वर्षे गेली. इतका काळ धीर धरून एका तिथीभोवती काम करीत राहणे वक्तृत्व स्पर्धेत शोभून दिसत नाही, पण शास्त्र म्हणतात ते हेच.

तज्ज्ञ चुकत नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. राजवाड्यांसारखा माणूससुद्धा मोडी कागदांवर पहाडासारखा उभा असतो, आणि शब्दांच्या व गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती लावू लागला की त्यांतल्या पुष्कळशा पुढच्या अभ्यासकांना मान्य करता येत नाहीत. आणि एक उदाहरण आपल्या मराठवाड्याच्या उरावरचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली. भूकंपाच्या नकाशावर तो भाग त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. तेथील लोक मात्र १९९२ पासून जमीन हादरत असल्याचे सांगत होते. लोकांचे सांगणे खरे होते, नकाशा अपुरा होता.

मग नवखे जिंकले काय? थोडे थांबून विचार करू. आपल्या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी तर ४.५ रिश्टरचा धक्का बसला. पारावर बसून प्रत्येकजण सांगतो, ‘मागेबी असंच झालं होतं.’ मागे म्हणजे कधी? सकाळी की रात्री? आवाज आधी की हादरा आधी? लिहून कोणीच ठेवलेले नसते. दहा गावांतल्या दहा मुलांनी तारीख आणि घड्याळाची वेळ टाकून साध्या वहीत नोंदी ठेवल्या असत्या, तर ती वही यंत्रावर काम करणाऱ्या माणसाने आनंदाने पाहिली असती. कारण यंत्र सगळीकडे नसते आणि माणूस असतो. पण धक्का किती खोलवर झाला, त्याचे केंद्र कोठे, हे वहीतून निघणार नाही. ते त्यालाच काढावे लागेल.

कोणी म्हणेल, हे जुन्या किंवा गावठी विषयांचे झाले. आजचे विज्ञान तज्ज्ञांखेरीज कोणाला शिवू देत नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. यापेक्षा अवघड शास्त्र मला तरी माहीत नाही. पण अमेरिकेतल्या अशाच यंत्रांत जी खरखर आणि बारीकसारीक गडबडी नोंदल्या जातात, त्यांच्या चित्रांची वर्गवारी २०१६ पासून हजारो सामान्य लोक घरी बसून करतात, आणि शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेले प्रकारही त्यांनी वेगळे काढून दाखवले. लहर ओळखली ती शास्त्रज्ञांनीच. दाण्यातून खडे निवडणारे हात मात्र पुष्कळ लागतात.

म्हणून ‘अधिक कोणाचे’ हा प्रश्नच मला आळशी वाटतो. त्यापेक्षा अडचणीचा प्रश्न असा की आम्ही, म्हणजे या महाविद्यालयातले नवखे, काही देतो आहोत काय? आमचे प्रकल्प पाहा. ‘शिवाजी महाराजांची राज्यव्यवस्था’, ‘१८५७ चा उठाव’. शहरातल्या दुकानातून छापील मजकूर आणायचा, वळणदार अक्षरात उतरवायचा, वर रंगीत कागद लावायचा. यात नवखेपणही नाही आणि जाणकारीही नाही. नवख्याचे एकमेव भांडवल म्हणजे तो जेथे उभा आहे ती जागा, आणि आम्ही तीच सोडून लिहितो.

आमची जागा काही लहानसहान नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामी राज्यात होतो. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या काळचे जमीनमहसुलाचे कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत आणि मोडीत. ते घराघरांतल्या पेट्यांत आहेत. ते वाचू शकणारी, निजामी शाळेत शिकलेली म्हातारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध करण्याची पाळी आली. त्या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो. ज्या भागात हे कागद आहेत त्याच भागाला ते वाचता येत नाहीत, ही गोष्ट मला जिव्हारी लागली. आमच्या वर्गात आम्ही सत्तेचाळीस. मोडीतला ‘श्री’ सुद्धा एकीला ओळखता येत नाही.

तीच गोष्ट जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तेथे तज्ज्ञ कोण होते? गाणाऱ्या बायाच. विचारायला जाणारा कितीही शिकलेला असला तरी जात्यापुढे नवखाच.

आमच्या एका प्राध्यापकांपुढे मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘पोरं कागद फाडतील आणि अर्थाचा अनर्थ करतील.’ शंका रास्त आहे. मोडीचे चार धडे झालेला माणूस धड निरक्षरापेक्षाही धोक्याचा, हे मलाही पटते. तेव्हा अर्थ लावूच नये. कागद घरातून हलवू नये, मालकाच्या समोर सपाट अंथरून मोबाईलवर त्याचा फोटो घ्यावा, कोणाच्या घरी, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला पाहिला ते वहीत लिहावे आणि घडी होती तशी घालून परत द्यावा. वाचणे नंतर, वाचणाऱ्याच्या देखरेखीखाली. एवढ्याला पदवी लागत नाही.

मोडीच्या वर्गासाठी इतिहास विभागाकडे अर्ज दिला आहे. शनिवारी दुपारी चार नंबरची खोली रिकामी असते. अर्जावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. वादविवादात बाजूने बोललेल्या सहांपैकी दोघांच्या त्यात आहेत, विरुद्ध बोललेल्या दोघांच्याही आहेत. बाकीच्या चौघांना अर्ज ग्रंथालयातल्या टेबलावर सापडेल.