मिथकाचे मूळ आणि लेखकाचे पुनरागमन

चाहता हा लेखकाच्या सत्तेला न जुमानणारा वाचक होय, ही धारणा सांस्कृतिक अभ्यासात आता जवळजवळ गृहीत धरली जाते. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांना संहितेच्या राखीव रानात शिरणारे चोरटे शिकारी म्हटले. त्यांचे विवेचन प्रामुख्याने चाहत्यांच्या स्वतंत्र निर्मितीवर आधारलेले होते. कथेतील मिथकांच्या उगमाविषयी चाहते ज्या उपपत्ती मांडतात, त्यांनाही हाच न्याय लावणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. या उपपत्ती लेखकाला दूर सारत नाहीत. त्याला पुन्हा सिंहासनावर बसवतात.

एइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही समुद्री चाच्यांची जपानी चित्रकथामालिका १९९७ पासून क्रमशः प्रसिद्ध होत आहे. नायक लुफी याने खाल्लेले, शरीर रबरासारखे ताणू देणारे फळ वस्तुतः 'निका' या सूर्यदेवाचे आहे, हे २०२२ मध्ये १०४४व्या प्रकरणात उघड झाले. मग निका म्हणजे कोणत्या पुराणातला कोणता सूर्यदेव, याची जुळवाजुळव ओघानेच आली. नामसाम्य आणि प्रतिमासाम्य एवढ्या भांडवलावर हा व्यवहार चालतो. एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्यूलर यांनी पुराणकथांमागे सर्वत्र सूर्यच पाहिला, तेव्हा लिटलडेल यांनी १८७० मध्ये त्याच पद्धतीने खुद्द म्यूलर हेच सूर्यदैवत असल्याचे उपरोधाने सिद्ध केले होते. जी पद्धत काहीही सिद्ध करू शकते, ती काहीच सिद्ध करीत नाही.

अशा उपपत्तीची सत्यासत्यता ठरवतो कोण? आगामी प्रकरण, म्हणजेच लेखक. बार्त यांनी 'एस/झेड'मध्ये (१९७०) रहस्याची संकेतव्यवस्था ही पाचांपैकी केवळ एक मानली होती. येथे उरलेल्या चार गळून पडतात, आणि अर्थनिर्णयनाची जागा भाकीत घेते.

यात सर्वाधिक हानी होते ती संहितेचीच. निकाची कथा पुराणग्रंथातून येत नाही. एके काळी गुलामांनी ज्याच्यावर मुक्तिदाता म्हणून विश्वास ठेवला, त्याची वार्ता तुरुंगातील पहारेकऱ्याच्या तोंडून एका कैद्याच्या कानी पडते. इतिहासात त्या देवाचे नाव उरू नये म्हणून जागतिक सरकार फळाचेच नाव बदलते. 'रिक्त शतका'चे शिलालेख वाचू पाहणाऱ्या ओहारा बेटावरील विद्वानांचा तर संहारच होतो. मूळ कोणते, यापेक्षा ते कोणाला हवे आहे आणि कोणाला पुसायचे आहे, हा या कथेचा प्रश्न आहे. दैवतांच्या याद्या करणाऱ्याला तो ऐकूच येत नाही.

या उपपत्तींमुळे वाचन सूक्ष्म होते, असा बचाव केला जाईल. तो अंशतः खराही आहे. चाहत्याची नजर चित्रचौकटीतला लहानसा तपशीलही सोडत नाही. परंतु तपशिलाची नोंद म्हणजे अर्थ नव्हे. मिथक म्हणजे त्याच्या साऱ्या पाठभेदांचा समुच्चय, असे लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९५५ मध्ये प्रतिपादिले. चाहत्याने आपली कल्पना आणखी एक पाठभेद म्हणून मांडली असती, तर तो मिथकाच्या परंपरेत सामील झाला असता. तो ती उत्तरपत्रिकेसारखी मांडतो आणि गुणांची वाट पाहतो. अर्थासाठी पुढच्या अंकावर अवलंबून राहणाऱ्या या वाचकाला लेखकाच्या मृत्यूचा वारस ठरवणे, ही समीक्षेने स्वतःची करून घेतलेली फसवणूक आहे.