नीटला वयोमर्यादा नाही, मग घाई कशाला?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आपल्या होस्टेलवर दोन-चार चेहरे उतरतात. बारावीला बाकावर शेजारी बसणारा मित्र एमबीबीएसला लागलेला असतो आणि इकडे आपण थर्ड इयरची सबमिशन्स उरकत असतो. मग मेसमधून परत येताना कुणीतरी हळूच विचारतं, "इंजिनिअरिंग सोडून मेडिकलला जावं का? अजून वेळ गेली नाही ना?"

लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "आता कसलं मेडिकल? डॉक्टर होईपर्यंत म्हातारा होशील!" दुसरी म्हणते, "स्वप्न आहे ना? मग उद्याच सोड!" माझ्या मते दोन्ही पार्ट्या चुकतात, कारण दोघांनाही वयाची भीती आहे. फरक इतकाच की एक त्या भीतीने थांबते आणि दुसरी पळते.

ही भीती कुठून आली ते आधी पाहू. २०१७ मध्ये नीटला वयाची वरची मर्यादा आली, खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० वर्षं. प्रकरण कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ च्या वरच्यांना परीक्षेला बसू दिलं, पण प्रवेश अंतिम निकालावर अवलंबून ठेवला. शेवटी मार्च २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने ही मर्यादाच काढून टाकली. म्हणजे त्या काळात 'डिग्री पुरी करत बसलो तर वेळ निघून जाईल' असं म्हणणाऱ्याचं बरोबर होतं. आज नाही. नियम बदलला, पण आपल्या डोक्यातलं घड्याळ अजून जुन्याच नियमाने चालतंय.

दुसरा दरवाजाही उघडला आहे. बारावीला नुसतं पीसीएम घेतलेल्यांना मेडिकल बंद, असं आपण धरून चालतो. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये कमिशनने जाहीर केलं की बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायॉलॉजी जादा विषय म्हणून पास झालं तरी नीटला बसता येईल. पीसीएमबीवाल्यांना तर याचीही गरज नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीची भीती आपल्याला कमी. पण नीटचे निम्मे मार्क बायॉलॉजीचे असतात, हे विसरू नका!

आता आपल्या आवडीचं काम, आकडेमोड. समजा आज वय २० आहे आणि तुम्ही आजच कॉलेज सोडलंत. बायॉलॉजी, नीट आणि सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर २२ व्या वर्षी प्रवेश. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेसत्तावीस. आता दुसरा रस्ता. २२ ला डिग्री, दोन-तीन वर्षं नोकरी, २५ ला प्रवेश आणि साडेतिशीत डॉक्टर. पुढे पीजी करायचं तर दोन्हीकडे आणखी तीन वर्षं. फरक किती? तीन वर्षांचा. पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये तीन वर्षं म्हणजे फार नाहीत.

पण त्या तीन वर्षांत हातात काय येतं ते बघा. २०२४ मध्ये २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे वीसजणांत एकालाच जागा आणि परवडणारी जागा चाळिसात एकाला. अर्धवट डिग्री सोडून गेलेल्याला नीट लागली नाही, तर त्याच्याकडे फक्त बारावीचं सर्टिफिकेट उरतं. डिग्री हातात असलेल्याला लागली नाही, तर तो सोमवारी कामावर जातो. आणि लागलीच, तर साडेचार वर्षं एक रुपया कमाई नसताना मेसचं बिल भरायला त्याच्या खात्यात थोडे पैसे असतात.

ओडिशातले जय किशोर प्रधान यांची बातमी अनेकांना आठवत असेल. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ २०२० ची नीट पास झाले आणि ६४ व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले. सगळे म्हणाले, काय ही जिद्द! जिद्द आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नोकरी आधी पुरी झाली होती. आपल्या स्वप्नाचा खर्च दुसऱ्या कुणावर टाकून ते गेले नव्हते.

आता कुणी म्हणेल, "चाकणला शिफ्ट करून बायॉलॉजी होणार आहे का?" आक्षेप खरा आहे. कंपनीच्या बसमधून रात्री निगडीला उतरलेल्या माणसाला पुस्तक उघडायचं जिवावर येतं. पगार सुरू झाला की बाइकचा हप्ता येतो, मग फ्लॅटचा, आणि 'पुढच्या वर्षी नक्की' हे दरवर्षी म्हटलं जातं. म्हणूनच 'बघू नंतर' याला मी प्लॅन म्हणत नाही. कोणत्या वर्षी बायॉलॉजीची परीक्षा, कोणत्या वर्षी नीट, किती पैसे साठले की राजीनामा आणि किती वेळा प्रयत्न करून थांबायचं, हे चार आकडे आजच कागदावर लिहिता येत असतील तर तो प्लॅन.

मुलींसाठी मात्र हिशोबात आणखी एक ओळ आहे. कमिशनने मर्यादा काढली, घरांनी काढलेली नाही. मी घरी हा विषय सहज काढला तर आईचा पहिला प्रश्न होता, "आणि लग्नाचं काय?" फीचा प्रश्न दुसरा! आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींनाही आनंदीबाई जोशी ठाऊक असतात, १८ व्या वर्षी अमेरिकेत मेडिकलला गेलेल्या. रखमाबाई तेवढ्या ठाऊक नसतात. लहानपणी लावलेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या कोर्टात लढल्या. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल! १८८८ मध्ये तडजोड झाली आणि १८८९ मध्ये, २४ वर्षांच्या असताना, त्या लंडनला मेडिकल शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत आणि राजकोटला मिळून सुमारे ३५ वर्षं काम केलं. त्या काळात २४ हे बाईचं शिकायला जायचं वय होतं का? तरी गेल्या. आज २५ व्या वर्षी पहिल्या वर्गात बसायची लाज आपल्याला का वाटावी? आणि मैत्रिणींनो, स्वतःच्या पगाराची स्लिप हातात असली की घरातली ही चर्चा जरा वेगळ्या आवाजात होते.

ज्याला हे शिक्षण खरंच सोसत नाही, ज्याच्या केट्यांचा डोंगर दरवर्षी वाढतोय, त्याची गोष्ट वेगळी. त्याने सोडावं, पण मेडिकलचं निमित्त करून नव्हे. ज्याला मनापासून डॉक्टरच व्हायचंय, त्याला मात्र माझं सांगणं एवढंच. लपूनछपून ओरल्सच्या आदल्या रात्री बायॉलॉजी वाचू नका. त्यात दोन्ही जातात. हे सेमिस्टर नीट काढा, डिग्री घ्या आणि घरच्यांना तारखेसकट सांगा. मेडिकल कॉलेजचं दार २५ व्या वर्षी बंद होत नाही आता. तिथवर पाय शाबूत ठेवून पोचायचं, हे आपल्या हातात आहे.