बेरीज स्वस्त, ने-आण महाग!

नवा संगणक किंवा मोबाइल दिसला की तुमचा पहिला प्रश्न असतो, "याचा वेग किती?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : "एवढ्या कामाला हा वीज किती खातो?"

प्रोसेसरचा एक छोटा भाग पाहू. ज्या संख्यांवर काम चालू आहे त्या ठेवण्यासाठी त्यात मोजके कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात आणि त्यांच्या संचाला रजिस्टर फाइल. स्वयंपाक करताना आई मिसळणाचा डबा हाताशी ठेवते, धान्याची कोठी नव्हे, तसेच हे.

बेरीज करायची तर दोन कप्पे वाचायचे, उत्तर तिसऱ्यात लिहायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेले आकडे पाहा. ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या बेरजेला सुमारे ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते; रजिस्टर फाइलच्या वापराला मात्र सुमारे ६ पिकोज्यूल! म्हणजे बेरजेच्या साठपट खर्च ने-आणीतच.

असे का? चिपमधली प्रत्येक तार हे एक धारित्रच असते. ते भरण्या-रिकामे करण्याची ऊर्जा धारकता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. एकाच वेळी अनेक संख्या वाचण्यासाठी फाइलला जास्त दारे ठेवली, की प्रत्येक दारामागे उभ्या-आडव्या तारा वाढतात. कप्पा लांबीत वाढतो, रुंदीतही. तारा लांबल्या की धारकता वाढते.

यावर उपाय आहेत. फाइलचे गट पाडून हवा तेवढाच गट जागा करावा. ताजे उत्तर लगेच हवे असेल तर कप्प्यातून न वाचता हातोहात द्यावे. रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्याच्या एका छोट्या रूपात तर ३२ ऐवजी १६च रजिस्टरे आहेत. पण कप्पे फार कमी केले, तर मुख्य स्मृतीकडे खेपा वाढतात आणि अशा एका खेपेला हजाराहून अधिक पिकोज्यूल लागतात! तेव्हा काटकसर हवी, ती हिशेबाने.

"आम्हाला संगणकात जायचे आहे, मग धारित्राचा धडा कशाला?" असे माझे विद्यार्थी विचारतात. आपल्याकडे आयआयटी मद्रासने रिस्क-फाइव्हवरच 'शक्ती' प्रोसेसर घडवले. उद्या असे काम तुम्हाला करायचे असेल, तर तो धडा गाळू नका. मोबाइलची बॅटरी किती टिकेल, हे त्याच सूत्रावर ठरते.